कल्लो बघून बातमी घेणारे दाजी

पाटीतल्या सुरमईचा कल्ला उघडून आत लाल आहे का बघावं, तशी भिवादाजी पेपरातली बातमी बघत. कोणी बघितलं, कोणी मोजलं, हे आत नसलं की बातमी शिळी. "कल्लो बघ आधी," हे त्यांचं पालुपद.

मालवणच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान. शेजारी दाजींची सुकी मासळी. संध्याकाळच्या एसटीनं पेपर आला की दाजी माझ्या बाकावर हजर. वाचता येत असूनही वाचायचं मी. "लिवणाऱ्यान चढवून लिवल्यान काय वाचणाऱ्याचो आवाजय चढता," म्हणायचे आणि तो चढ पकडायला कान लावून बसायचे. म्हणजे संशय माझ्यावरही होताच.

निवडणुकीच्या दिवसांत मी वाचलं, "मालवणात विराट सभा."

"तू शिंपी मरे? विराट म्हणजे किती वार?"

मी गळ्यातली टेप चाचपली.

"मी थंय होतंय. बाजाराचो दिवस. निम्मी माणसां मासळी घेवक इल्ली. विराट ह्यां त्याचा मत. बातमी खंय आसा?"

दाजींच्या घरातही तेच. वहिनी म्हणाल्या, शेजारीण रागावलीय, तर हे म्हणणार, "रागावली ह्यां तुझा मत. बोलली काय, ता सांग." त्या माउलीनं संसार कसा केला, देव जाणे. मला तर तास-दीड तासातच वीट यायचा.

पंचावन्न साली गोव्याचा सत्याग्रह पेटला आणि दाजींचा एकुलता एक रघू बेळगावकडच्या एका तुकडीबरोबर निघून गेला. दाजी त्याला अडवायलाही गेले नाहीत आणि पोचवायलाही. पण एसटी यायच्या आधीच बाकावर येऊन बसू लागले.

सरहद्दीवर गोळीबार झाल्याची बातमी आली. एक पेपर म्हणाला, वीरांनी हसत छातीवर गोळ्या झेलल्या. "हसत? बघूक गेल्लो हो लिवणारो?" दाजी म्हणाले. दुसरा म्हणाला, मूठभर माथेफिरूंचा हा खेळ. "ह्यांय मतच." नावं मात्र कुणीच छापेना. दाजींच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं आणि हे रस्त्याकडे बघत बसायचे. वहिनींनी जेवण सोडलं होतं.

मग एका संध्याकाळी आतल्या पानावर, कोपऱ्यात, रघूच्या तुकडीचं नाव दिसलं. मी वाचलं, "या तुकडीतील सर्व स्वयंसेवक सुखरूप असल्याचे समजते."

'समजते' हा दाजींचा हाडवैरी. 'कोणाक समजता?' असं विचारून त्यांनी आजवर मंत्र्यांची भाषणंसुद्धा सोडली नव्हती. मी सवयीनं थांबलो.

"परत वाच," दाजी म्हणाले.

वाचलं.

"सावकाश वाच."

पुन्हा वाचलं. राहवेना म्हणून म्हटलं, "दाजी, कुणी सांगितलं, कुणी बघितलं, यात काहीच लिहिलेलं नाही."

"आसांदे रे. एवढ्या लांबसून खोटा लिवून त्येका काय मिळाचा आसा?"

त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि छातीशी धरून उठले. वहिनींना दाखवायचा होता. दाजी पेपर घरी नेताहेत, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पायरीवर ते थांबले. वळून म्हणाले, "वामना, हो बातमीदार माणूस बरो दिसता."