नावं झाकलेली कंपनी

"लोर्ना, कागद कुठायत?" प्रोफेसर वेक्सलरांनी वर्गातूनच हाक मारली.

"आणतेय हो सर! दोनच पाय आहेत मला."

न्यूयॉर्कच्या त्या बिझनेस स्कूलमध्ये लोर्ना एकोणीस वर्षं सरांच्या हाताखाली होती. सर शिकवायचे ते एकच: बाजारातल्या भावाकडे बघू नका, वस्तूची खरी किंमत काढा आणि ती त्या किमतीहून स्वस्तात मिळेपर्यंत थांबा. अंगातला कोटही त्यांनी सहा वर्षं थांबून घेतला होता. परीक्षेची त्यांची रीतही न्यारी. ताळेबंदातलं प्रत्येक नाव लोर्नानं काळ्या मार्करनं झाकायचं. नाव दिसलं की अक्कल गहाण पडते, असं सरांचं म्हणणं.

आज मागच्या बाकावर खुद्द डीन हॅलोरन येऊन बसले होते. मुलं फार कमी येतात म्हणून हा विषयच बंद करायचं त्यांच्या मनात होतं, आणि निकाल आजच लागायचा होता.

कागद वाटून झाले. लोर्नानं सहज हातातली फाइल चाळली आणि पाहते तो काय? परीक्षेसाठीचा कंपनीचा ताळेबंद फाइलीत जसाच्या तसा! सकाळी बहिणीशी फोनवर बोलता बोलता तिनं मार्कर फिरवला होता तो डीनच्या ऑफिसातून आलेल्या, स्कूलच्याच जमाखर्चावर, आणि मुलांना वाटला होता तोच!

तिनं घाईघाईनं चिठ्ठी लिहून सरांच्या हातात कोंबली. सरांनी ती वाचली, कान खाजवला आणि हळूच म्हणाले, "चालू दे. नाव बदललं म्हणून आकडे बदलतात का?"

क्वीन्सची तमारा उठली. "सर, धंदा जुना, इमारत स्वतःची, तरी शिल्लक आटत चाललीय. का? तर साहेबाला चार मदतनीस, आणि त्या मदतनिसांना सहा मदतनीस! वर दर दोन वर्षांनी नवे गालिचे."

"अरेरे!" डीन हळहळले.

"एक चिमुकला विभाग आहे. खर्च सगळ्यांत कमी, आणि डॉलरमागं कमाई सगळ्यांत जास्त. आणि शेवटच्या पानावर काय? तोच बंद करायचा प्रस्ताव!"

डीन पोट धरून हसले. "कोण हा दिवटा? आधी त्यालाच घरी बसवा!"

लोर्नानं डोळे गच्च मिटले. सरांनी शांतपणे झाकलेलं नाव सांगितलं: हीच स्कूल.

डीनचा चेहरा बिटासारखा लाल झाला. ते उठले. "हरलो, वेक्सलर. तुमचा विषय चालू राहील."

लोर्ना टाळी वाजवणार, तोच सर म्हणाले, "आज नको. तुम्ही आत्ता भरात आहात, अशा वेळचे निर्णय महागात पडतात. तीन आठवडे थांबा, आकडे स्वतः तपासा, मग काय ते ठरवा."

"अहो सर, ते हो म्हणतायत ना!"

"म्हणूनच थांबायचं, लोर्ना."

आपल्याच फायद्याच्या वेळीही आपलाच धडा न विसरणारा हा माणूस! त्याला मिठी मारावी की खडूचा डबा, हे तिला कळेना.

डीन दाराशी गेले, थबकले आणि परत फिरून तमाराच्या बाकाशी आले.

"जरा सरक गं पोरी. गुरुवारचा गृहपाठ काय आहे?"