सरदारांची करंगळी

बारशाला आलेला माणूस आधी बाळाचं तोंड पाहतो. नौपाड्यातले आमचे शेजारी बापूकाका मूठ पाहत. बाळाची चिमुकली मूठ अलगद उघडायची, करंगळी निरखायची आणि सुस्कारा सोडायचा. माझ्या लेकीच्या बारशाला सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "सरळ आहे गं, मालू. असो. बाकी पोरगी गोड आहे." मला अजून राग येतो.

बापूकाकांच्या दोन्ही करंगळ्या मधल्या पेरात मुडपलेल्या होत्या. पण वाकडी करंगळी म्हणायची सोय नव्हती. 'सरदारी करंगळी' म्हणायचं. त्यांचा कोणी पूर्वज सरदार होता म्हणे. तीन दिवस तलवार मुठीत धरून लढला, लढाई संपली तरी मूठ उघडेना, तेव्हापासून घराण्यात बोट हे असं. "उगाच का?" हे त्यांचं पालुपद. आमच्या हातून तीर्थाचा थेंब सांडत नाही, उगाच का? कचेरीत हेडक्लार्क झालो, उगाच का? मुलगा सरळ बोटांचा निघाला, म्हणून त्याच्याकडे ते जरा परक्यासारखंच बघत. मग नात झाली, सुशी. दोन्ही करंगळ्या थेट आजोबांच्या! मुलगी झाली म्हणून आमच्या आळीत पेढे वाटणारे ते पहिलेच.

सुशी वाढली तशी बोटं आखडत गेली. सातव्या वर्षी उजवी करंगळी तळहाताला टेकू लागली. डॉक्टर म्हणाले, मुंबईला शस्त्रक्रिया होते. आखडलेली कातडी सोडवतात, कमी पडली तर मांडीची थोडी लावतात. आत्ता केली तर बोट उघडेल. थांबलात आणि सांधा धरला, की मग कठीण.

"माझ्या घराण्याला सुरी लावू द्यायचा नाही मी!" बापूकाका कडाडले. मुलगा आणि सून त्यांच्यापुढे तोंड उघडत नसत. मी उघडलं. आठ दिवस माझ्याशी अबोला.

शाळेत नवीन बाई आल्या. नखं तपासायला त्यांनी मुलींना हात बाकावर सपाट ठेवायला लावले. सुशीची करंगळी काही उलगडेना. बाईंना वाटलं, पोरगी हट्टानं मूठ आवळते आहे. त्यांनी पट्टी मारली. त्यावर सुशी ताठ मानेनं म्हणाली, "बाई, आम्ही सरदारांचे. आमचा हात असाच असतो. उगाच का?" उद्धटपणाबद्दल आणखी दोन पट्ट्या बसल्या, त्याच पेरावर.

सुशी घरी आली तेव्हा मी बापूकाकांकडे विरजण मागायला गेले होते. सुशी दारातूनच ओरडली, "आजोबा, मी रडले नाही! तुम्ही सांगता तस्संच सांगितलं!" आणि सुजलेला हात मिरवत पुढे केला. बापूकाका जेवत होते. घास तसाच ताटात ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी आजोबा आणि नात पायरीवर हजर होते.

मुंबईच्या इस्पितळात सोबतीला मीही गेले. सुशीला आत नेलं. सुनेला घेरी आली म्हणून मुलगा तिला खाली घेऊन गेला. बाकावर मी आणि बापूकाका उरलो. दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून ते बसले होते.

"मालू, सरदार वगैरे कोणी नव्हता गं."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांची बोटं सरळ होती. वाकडी माझ्या आईची. पंगतीत वाढायला आली की बायका हसायच्या. मी एकदा शाळेतून मार खाऊन आलो, हात हा असा सुजलेला. तिनं हळद लावता लावता सरदार रचला. आणि दिला वडिलांच्या घराण्याला. स्वतःकडे काही ठेवलंच नाही तिनं." मग आतल्या दाराकडे बघत म्हणाले, "मला त्यानं बरं वाटलं होतं. पोरीला मात्र दोन पट्ट्या जास्त बसल्या."

मला रडू आलं. आठ दिवसांचा अबोला मी तिथेच माफ करून टाकला.

काही आठवड्यांनी हाताचं बँडेज सुटलं. डॉक्टरांनी सुशीला हात टेबलावर ठेवायला सांगितलं. करंगळी अगदी सरळ नव्हती, पण टेकली. डॉक्टर, नर्स, आम्ही सगळे बघत होतो. सुशीनं आजोबांचा हात खिशातून ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला, आणि त्यांची करंगळी दाबून पाहिली. ती उलगडेना.

"आजोबा, तुम्हालाही मारायचे? दुखायचं?"

बापूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. आता सरदार येणार, असं मला वाटलं.

"हो गं राणी," ते म्हणाले. "फार दुखायचं. रडायचोसुद्धा मी."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी हात तसाच टेबलावर राहू दिला.