‘धुक्यातला टोलनाका’चा शेवट

दाराच्या मुठीवर गुप्तहेराचा हात पडला, मूठ अर्धी फिरली आणि चित्र गोठलं.

“गेला!” मर्ल हॉगन ओरडला. “पुन्हा तिथेच गेला!”

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने, आर्डिसने, मानसुद्धा वर केली नाही. “मेला का शेवटी?”

“कोण?”

“तुझा तो गुप्तहेर.”

“डिस्क गेली, आर्डिस, डिस्क! गुप्तहेर दारात उभा आहे. सकाळपासून दारातच उभा आहे!”

“मग आत घे ना त्याला. बाहेर केवढी थंडी आहे.”

बाहेर खरंच थंडी होती. एप्रिल लागला तरी अमेरिकेच्या उत्तरेकडल्या डलूथ शहराच्या किनाऱ्याला सरोवराचा बर्फ चिकटून बसला होता. अशा दिवसांत माणसाने घरात बसून करावं तरी काय? मर्लने चष्म्याचं दुकान विकल्यापासून या प्रश्नाचं उत्तर शोधून ठेवलं होतं. जगाने विसरलेले जुने सिनेमे आणि बंद पडलेल्या टीव्ही मालिका डिस्कवर निघाल्या, की एका संकेतस्थळावर तो त्यांची परीक्षणं लिहायचा. त्याचे पैसे मिळत नसत, डिस्क फुकट मिळे. आर्डिसचं म्हणणं असं, की ज्या गोष्टी जगाने विचार करून विसरल्या, त्या नेमक्या आपल्या पत्त्यावर कशाला पाठवायच्या? पण हे ती वर्षातून एखाद्या वेळीच म्हणे. एरवी नवरा पायात येत नाही याचंच तिला समाधान होतं.

१९५२ सालच्या ‘धुक्यातला टोलनाका’ या सिनेमाने मात्र त्या दिवशी दोघांच्याही पायात पाय घातला. शेवटची दहा मिनिटं काही केल्या दिसेनात. मर्लने डिस्क शर्टाला पुसली. आर्डिसने ती भांड्यांच्या साबणाने धुतली. मग मर्लला आठवलं, की कोणीतरी टूथपेस्ट चोळायला सांगितलं होतं. त्यानंतर गुप्तहेराचा हात मुठीपर्यंतही पोचेना. तो जिन्यातच अडकू लागला.

“छान,” आर्डिस म्हणाली. “निदान वास तरी चांगला येतोय.”

डिस्क काढणाऱ्या कंपनीला मर्लने फोन केला. बदली डिस्क पाठवतो, आठवडाभर लागेल, असं तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. लगेच संकेतस्थळ चालवणाऱ्या क्लेटनचा फोन आला. त्याचा आवाज गोड नव्हता.

“मर्ल, परीक्षण कुठाय? ते दुसरे लोक उद्या छापतायत!”

“अरे, शेवट दिसत नाही मला.”

“चष्मे विकलेस ना तू जन्मभर?”

“डिस्क खराब आहे!”

“मग शेवट सोडून लिही. नको, थांब, शेवटाबद्दल दोन ओळी घालच. त्या नसल्या की लोकांना वाटतं, आपण सिनेमा पाहिलाच नाही.”

मर्ल प्रामाणिक माणूस होता. गिऱ्हाइकाला नंबर लागला नसेल तर ‘तुम्हाला चष्मा नको’ म्हणून परत पाठवणारा. पण त्या सिनेमात एक मुलगी होती. टोलनाक्याजवळच्या खानावळीत ती गुप्तहेराला कॉफी देते आणि म्हणते, “साखर संपली आहे.” बस, एवढंच. पण ते तिने असं काही म्हटलं होतं, की मर्लने तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला होता. त्यानंतर ती दिसलीच नव्हती. एवढी चांगली नटी दिग्दर्शक एका कॉफीवर सोडून देईल? शक्यच नाही. ती शेवटी येणार. तिने यायलाच हवं. मर्लने नामावलीतून तिचं नाव उतरवून घेतलं आणि लिहिलं:

“पण हा सिनेमा खरा जिंकते ती शेवटच्या प्रसंगात परत येणारी व्हेरा डेलमार. ती एक शब्द बोलत नाही. गुप्तहेराकडे नुसती बघते, आणि सगळा टोलनाका त्या बघण्यात मावतो.”

लिहून झाल्यावर त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. क्लेटननेही फोन करून ‘सगळा टोलनाका मावतो’ हे फार आवडल्याचं कळवलं. 

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

“परीक्षण लिहिणारे डलूथचे हॉगन ते तुम्हीच का?” आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, पण ठणठणीत.

“हो, मीच.”

“मी एल्व्हिरा स्टेनरूड. पुलापलीकडे, सुपीरियर गावात राहते. तुम्ही मला व्हेरा डेलमार म्हणता.”

मर्ल उभा होता तो खुर्चीवर बसला.

“नातीने वाचून दाखवलं मला,” बाई म्हणाल्या. “दोनदा वाचायला लावलं. अहो, तो प्रसंग त्यांनी कापून टाकला होता! आख्खा दिवस गारठ्यात उभं राहून केलेलं काम. मी घरी पत्र लिहिलं, की मला शेवटचा प्रसंग दिलाय. सिनेमा लागला तशी सगळं सासर घेऊन थेटरात गेले, तर शेवटी मी नाहीच! तेव्हापासून माझी नणंद बर्निस मला थापाडी म्हणते. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली. नवरा गेला माझा, पण ही काही गेली नाही. डिस्कवर कापलेलं परत घालतात म्हणे?”

“घालतात… कधीकधी,” मर्ल म्हणाला.

“मग रविवारी चर्चहून आम्ही दोघी येतो. तिच्या डोळ्यांसमोर बघू दे एकदा तिला. माझ्याकडे ते यंत्र नाही, आणि तिला घेऊन दुसऱ्या कोणाकडे जायची सोय नाही, सगळ्यांशी भांडलीय ती. तुम्हाला चालेल ना?”

आता चालणार नाही हे कसं सांगायचं, याचा मर्ल विचार करत होता, तेवढ्यात पलीकडून अगदी हळू आवाजात बाई म्हणाल्या, “त्या दिवशी मी खरंच चांगलं काम केलं होतं हो.”

“या तुम्ही,” मर्ल म्हणाला.

आर्डिसने हे सगळं ऐकलं आणि भांडं खाली ठेवलं. “पण तू तर म्हणालास, शेवट दिसलाच नाही तुला?”

“नाही दिसला.”

“मग लिहिलंस काय?”

“जे दिसायला हवं होतं ते.”

आर्डिस त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्यात बरंच काही मावत होतं.

“कदाचित असेलही ती शेवटी!” मर्ल म्हणाला. “बाई म्हणतायत ना, चित्रण झालं होतं!”

शनिवारी बदली डिस्क आली. आठवडाभर लागेल म्हणणारी माणसं नेमकी या वेळी लवकर काम करतात. मर्लने अंगातला कोटही न काढता ती लावली. मूठ पूर्ण फिरली. दार उघडलं. आत खलनायक होता. दोन गोळ्या सुटल्या, एक लागली, धुकं आलं, वाद्यं वाजली, समाप्त. खानावळीतली मुलगी सोडाच, खानावळसुद्धा परत दिसली नाही.

मर्लने सुपीरियरला फोन लावला. तो तिथेच राहणाऱ्या बर्निसने उचलला.

“काय हवंय?”

“एल्व्हिराबाईंना सांगायचं होतं, उद्याचं जरा…”

“रद्द करताय? वाटलंच मला!” फोनमधूनच तिने टाळी वाजवल्यासारखा आवाज आला. “एल्व्हिरा! अगं, तो डिस्कवाला माघार घेतोय! सांगत नव्हते मी? तसला प्रसंगच नव्हता कधी!”

“नाही नाही,” मर्ल घाईने म्हणाला, “वेळ विचारायला केला होता फोन. बाराला या.”

“शाबास,” आर्डिस मागून म्हणाली. “आता जेवायला काय करू तेही विचारून घे.”

रात्री जेवताना मर्लला युक्ती सुचली. उद्या नवी डिस्क लावायचीच नाही, जुनी लावायची. ती जिन्यात नाहीतर मुठीवर अडकणारच. मग हळहळायचं, यंत्राला शिव्या द्यायच्या, कॉफी पाजून दोघींना वाटेला लावायचं. खोटंही बोलायला नको आणि खरंही.

“आणि त्या बाईने पुढच्या रविवारी परत येते म्हटलं तर?” आर्डिसने विचारलं.

“पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी.”

रविवारी दोघी आल्या. एल्व्हिराबाई बारीक, ताठ, निळा कोट आणि त्यावर मोत्याची पिन. बर्निस रुंद, हातात काठी, चेहऱ्यावर कोर्टात साक्ष द्यायला आल्याचा भाव. आर्डिसने ओव्हनमधून बटाटे-खिम्याचं हॉटडिश काढलं. बर्निसने ते दोनदा वाढून घेतलं, वर लिंबाच्या वड्या खाल्ल्या, आणि घरातली सर्वांत मऊ खुर्ची पाहून तिच्यात बसली.

“लावा आता,” ती म्हणाली. “बघूच.”

मर्लने जुनी डिस्क लावली. सिनेमा सुरू झाला. “साखर संपली आहे,” हे वाक्य आलं तेव्हा एल्व्हिराबाईंचे ओठ त्याबरोबर हलले. मर्लने ते पाहिलं आणि त्याला अंगाखाली खिळे टोचल्यासारखं झालं.

जिना आला. मर्ल मनात म्हणाला, अडक. गुप्तहेर जिना चढून गेला.

मूठ आली. अडक! मूठ फिरली. पूर्ण फिरली. आठवडाभर ज्या डिस्कने एक दार उघडू दिलं नाही, तिने लोण्यासारखं ते उघडलं. मर्लने रिमोटवर अंगठा दाबला, तर रिमोटची बॅटरी गेलेली. यंत्राकडे धावावं तर मध्ये बर्निसचे पाय आणि काठी. तो खुर्चीतून अर्धवट उठला तसा राहिला. गोळ्या सुटल्या. धुकं आलं. वाद्यं वाजली. समाप्त.

एल्व्हिराबाई पडद्यावरची अक्षरं निघून जाईपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवून मर्लकडे पाहिलं. त्यांना राग आलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

“बाई,” मर्ल म्हणाला, “मला तुम्हाला सांगायचंय. मी ते…”

“अं?” मऊ खुर्चीतून मोठा घोरण्याचा तुकडा आला आणि बर्निस दचकून सरळ बसली. चष्मा नाकाच्या टोकावर घसरला होता. हॉटडिश दोनदा वाढून घेतल्याचा परिणाम जिन्याच्याही आधीपासून सुरू झाला असावा. तिने पडदा पाहिला, तो काळा होता. मग तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले. सगळे तिच्याकडेच बघत होते.

डोळा लागला होता हे बर्निसने जन्मात कधी कबूल केलेलं नव्हतं. आजही ते करायचा तिचा विचार दिसला नाही.

“हो,” ती घसा साफ करत म्हणाली, “पाहिलं मी. आलीस तू शेवटी. बरं केलंयस.”

तिने घसरलेला चष्मा वर सरकवला.

“पण ते केस!” बर्निस म्हणाली. “काय तो अवतार, एल्व्हिरा!”

एल्व्हिराबाईंच्या गालांवर हळूहळू रंग चढला. “अवतार? सकाळपासून दोन माणसं माझ्या केसांना लागली होती!”

“दोन माणसं लागली म्हणूनच. आणि रडत कशाला होतीस?”

“मी रडले नाही! मी नुसती बघत होते!”

“रडत होतीस. या डोळ्यांनी पाहिलं मी.”

“या गृहस्थांना विचार! त्यांनी तर छापलंय!”

दोघी मर्लकडे वळल्या. स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी असलेली आर्डिससुद्धा वळली, आणि तिच्या डोळ्यांत एवढी मजा मर्लने लग्नानंतर क्वचितच पाहिली होती.

“डोळ्यांत पाणी होतं,” मर्ल सावकाश म्हणाला. “पण खाली पडलं नाही.”

“बघ!” दोघी एकदम म्हणाल्या.

त्या भांडतच कोट चढवून बाहेर पडल्या. पायऱ्या उतरताना बर्निस आर्डिसला म्हणाली, “काही म्हणा, थापाडी नाहीये ती. केस सोडले तर चांगलीच उभी होती.” आणि काठी टेकत गाडीकडे गेली.

एल्व्हिराबाई दारातच थांबल्या. बर्निस गाडीत बसेपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग मर्लजवळ येऊन त्यांनी आवाज खाली आणला.

“डोळ्यांत पाणी नव्हतं हं, हॉगन. दिग्दर्शक ग्लिसरीन घेऊन आला होता, मीच नको म्हटलं. परीक्षकाने जरा नीट बघून लिहावं.”

“चुकलं माझं, बाई.”

“परीक्षणात तेवढं घाला,” एल्व्हिराबाई म्हणाल्या आणि पिन नीट करत पायऱ्या उतरल्या.

मर्लने संध्याकाळीच परीक्षणात ‘नुसती बघते’च्या आधी ‘डोळ्यांत पाणी न आणता’ एवढे शब्द घातले.