धाकटी चार वाजता माहेरी असते

आमच्या गिरणीच्या हापिसात कुणी टेलिफोन मागितला की सिद्रामअप्पा विचारायचा, "थोरली पायजे का धाकटी?" नवा माणूस लाजायचाच.

थोरली आणि धाकटी म्हणजे गावाबाहेर बोलायच्या दोन लायनी. हापिसात टेलिफोन नऊ आणि बाहेरच्या लायनी दोनच. कुणाला कोणती, कधी आणि किती वेळ द्यायची, हे जिन्याखालच्या बोर्डावर बसून सिद्रामअप्पा ठरवायचा. दोरीचं टोक भोकात घातलं की लाईन जोडली जायची. लाईन कामात असली की "सासरी गेलीया." मोकळी झाली की "माहेरी आलीया." आणि बिघडली की "बाळंत झालीया, आता दोन दिस नाव काढू नका."

मी तिथला पट्टेवाला. शाळा दुसऱ्या बुकापर्यंतच, पण हापिसात काय चाललंय ते हेडक्लार्कच्या आधी मला कळायचं. हे खोटं म्हणणारा अजून जन्मायचाय.

अप्पा मूळचा वळसंगचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावला की दोन्ही. कापूसखात्याचे साहेब जरा जास्त बोलले की मधेच तोंड घालायचा, "सायेब, पोरगी दमली. सोडा आता," आणि दोरी उपटायचा. कुणी तक्रार केली की म्हणायचा, "गिरणीचा मालक कोन बी आसूद्या. लायनीचा बाप मी हाय."

एकदा मुंबईचे एक शेटजी थोरलीवर आले. आवाज नीट येईना, म्हणून त्यांनी मॅनेजरसाहेबांची दुसरी लाईन मागितली. अप्पा ओरडून म्हणाला, "शेटजी, सायबांची थोरली तुमच्याकडंच हाय की! आन् धाकटी आज सकाळीच बाळंत झाली!" आठ दिवसांनी साहेबांच्या नावानं पार्सल आलं. आत डिंकाचे लाडू, टोपडं आणि जरीची कुंची. साहेब बिनलग्नाचे. लाडू आम्ही खाल्ले. कुंची अप्पानं मागून घेतली. "लायनीला घालतो," म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो.

हे सगळं चालायचं. खटका उडायचा तो चार वाजता. चारच्या ठोक्यापासून पंधरा मिनिटं अप्पा धाकटी कुणालाच द्यायचा नाही. "धाकटी च्यार वाजता म्हायेरी आसती."

साहेब म्हणाले, "अरे, म्हणजे मोकळीच आहे ना?"

"मोकळी हाय म्हनूनच देत न्हाय."

पुढं मुंबईचा कापसाचा दर चार वाजता विचारायचा असं ठरलं. हेडक्लार्कनं लायनींच्या वाटणीचा तक्ता करून भिंतीला लावला. चार वाजता धाकटी कापूसखात्याला. अप्पानं त्या तक्त्यावर आपला रुमाल वाळत घातला. तेव्हा हेडक्लार्कनं मला बोलावलं. "उद्या चारला तू दोरी लाव. जमलं तर बोर्ड तुझा."

बोर्डाला खुर्ची होती. मी उभ्या जन्मात हापिसात बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी चारला मी म्हटलं, "ऊठ, अप्पा." वाटलं, दोन्ही भाषांत शिव्या देईल. तो गपगुमान उठला. फोन आला की धाकटीची जी पितळी झडप खाली पडायची, तिच्यावर त्यानं फक्त हात ठेवला.

"येवडी पंधरा मिंटं सोड की रं."

"का म्हनून?"

त्यानं खण उघडला. आत कुंची होती, घडी न मोडलेली.

"गंगव्वा मुंबईला दिलीया न्हवं? जावयाच्या हापिसात टेलिफोन हाय. जाताना म्हनली, अप्पा, मी कवातरी च्यार वाजता बोलन, लाईन मोकळी ठिवा."

"किती वर्सं झाली?"

"सात. मागं पोरगं झाल्याचं कार्ड आलं. आता बोलत बी आसंल."

"आन् फोन? एकदा तरी आला?"

मीच अडाणी असल्यासारखा तो माझ्याकडं बघायला लागला. "आरं, आज करंल. आन् आजच तू दोरी घातलीस म्हंजे?"

कुंची आता त्या पोराला बसायची नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

वरून हेडक्लार्क ओरडले, "अरे, धाकटी का लागत नाही?"

मी दोरी खाली ठेवली. जिन्याच्या तोंडाशी जाऊन सांगितलं, "सायेब, बाळंत झालीया."

"परत?"

"व्हय. अवघडलेली हुती. मला काय बोर्ड जमायचा न्हाय."

कापसाचा दर मग थोरलीवर घ्यायला लागले. मी पट्टा उतरवीपर्यंत उभाच राहिलो. चार वाजता मात्र जिन्याच्या तोंडाशी उभा राहायचो, कुणी खाली उतरू नये म्हणून. मागं अप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून झडपेकडं बघत बसलेला असायचा. आणि माझी पाठ बोर्डाकडं असली तरी, झडप पडते का ते मीही ऐकत असायचो.