तीन बाहेर, दोन आत

आमच्या लातूरच्या कॉलेजात नसीम मॅडम वर्गाच्या दारात हात पसरून उभ्या राहतात आणि ओरडतात, "तीन बाहेर, दोन आत! फुकट न्हाई!"

दार म्हणजे पेशीचं आवरण, आणि त्या स्वतः दारातला पंप. तीन पोरी सोडियम होऊन बाहेर जातात, थोड्या वेळाने त्यांतल्याच दोघी पोटॅशियम होऊन आत येतात. दर खेपेला पंपाला इंधन लागतं, म्हणून पहिल्या बाकावरून शेंगदाण्याची चिक्की द्यावी लागते. पंप ती चावत चावत शिकवतो.

मीही जीवशास्त्रच शिकवते. हाच धडा मी फळ्यावर चाळीस मिनिटांत संपवते, आकृतीसकट. पण शेजारच्या वर्गात हशा पिकला की माझ्या पोरींच्या माना तिकडे वळतात. त्यातून बारावीची 'अ' तुकडी यंदा आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार होती. पंधरा वर्षं मी तिची वाट पाहत होते.

"एवढा तमाशा कशाला?" मी एकदा विचारलंच.

"बिराजदार मॅडम, सोडियम आपोआप आत शिरून राहतो. बाहेर काढायलाच ताकद लागते. पंप बसला की पेशी खल्लास!"

धडा संपून महिना झाला तरी पंप चालूच. आणि सोडियम नेहमी होस्टेलच्याच पोरी! मी प्राचार्यांच्या नावे तक्रारीचा अर्ज लिहिला, पर्समध्ये टाकला आणि पुरावा गोळा करायला निघाले.

बाहेर सोडलेल्या तिघींपैकी दोघी पाण्याच्या टाकीमागे रडवेलं तोंड धूत होत्या. तिसरी, देवणी गावची पोरगी, नसीम मॅडमचा मोबाइल कानाला लावून बोलत होती, "हाव आई, जेवले. न्हाई, रडत न्हाई."

होस्टेलात मोबाइलला बंदी आहे. याहून पक्का पुरावा कोणता?

मागून नसीम मॅडम आल्या. मी म्हटलं, "फोन पोरींना देता, मग तुम्हाला कुणाचा आला तर?"

"मला कोण करून राहिलंय, मॅडम? अम्मी गेल्यापासून रिकामाच पडला होता. आता पोरींच्या आया करतात. पोरगी जेवली का, विचारतात." चिक्कीचा कागद त्यांनी नीट घडी घालून ठेवला. "मग मला बी विचारतात."

अर्ज पर्समध्येच राहिला. 'अ' तुकडी त्यांनाच मिळाली. पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू?

हल्ली संध्याकाळी मी त्यांना फोन लावते, उद्याचं वेळापत्रक विचारायला. वेळापत्रक मीच बनवते. बहुतेक वेळा लाइन बिझी असते, कुणाची तरी आई बोलत असते.

मला भयंकर राग येतो. पुन्हा लावते.