न्हाणीघरातल्या कुंडीच्या मोहिमेची हकीकत

वाचणारांनी चित्त देऊन हा मजकूर घ्यावा. न्हाणीघराच्या खिडकीत कुंडी, कुंडीत नेचा, हा मुलूख दिवंगत राणीसाहेबांचा, म्हणजे आमच्या बायकोचा. त्या गेल्या आणि राखण आम्हांकडे आली. कारभार कसा करावा ठाऊक नव्हते, म्हणून त्या करीत तेच केले, कुजका पाला घालीत गेलो.

ऐसे असता एके सकाळी कुंडीतून तपकिरी, चपट्या पाठीची, बहुत पायांची फौज उतरली आणि साबणदाणीपावेतो आली. राणीसाहेबांच्या धाकट्या भगिनी, आमच्या मेहुणीबाई, मुक्कामी होत्या. त्यांनी फर्मान काढिले जे, गोमी आहेत, कुंडी ओतून फवारा मारावा. आणि फवारा घेऊन त्या चालून आल्या. मग आम्ही कुंडी पोटाशी धरून पालथ्या बादलीवर ठाण मांडिले.

"भाऊजी, उठा."

"नाही उठत."

"चावल्या म्हणजे उठाल."

मग कन्येकडे फोटो रवाना केला. तिचा जबाब आला जे, हे वाणी किड्यांतले पॉलीडेस्मस घराणे दिसते, यांस डोळे नाहीत, हे चावत नाहीत, कुजका पाला खाऊन माती करितात. तरी पाय पाहावे. पेरागणिक एक जोडी तर गोम, दोन तर हे.

मग एक सरदार वाटीत कैद केला. मेहुणीबाईंनी राणीसाहेबांचा चष्मा चढविला आणि शिस्तीने डोक्याकडून तपासणी आरंभिली. एक जोडी. पुन्हा एक. फवारा उचलिला. आम्ही अर्ज केला जे, जरा मधली पेरे पाहावी. तो तेथे दोन, आणि पुढे दोन, आणि त्यापुढेही दोन. कन्येने कळविले जे, मानेपाशी हे घराणे पायांची काटकसर करिते.

इतक्यात कैद्याने घाबरून कडू बदामाचा वास सोडिला. मेहुणीबाईंनी फवारा खाली ठेविला.

"भाऊजी, हा वास ताईच्या हातांना यायचा."

खरेच यायचा. आम्ही इतकी वर्षे तो साबणाचा समजत होतो.

मग तह झाला जे, कुंडी त्या फौजेची, साबणदाणी आमची. कैदी सन्मानाने पाल्यात सोडिला. फवारा माळ्यावर गेला, नेचा जागेवर राहिला. ऐसी फत्ते जाहली, ती लिहून ठेविली. पाला आम्हीच घालितो. हात मात्र थोडे उशिरा धुतो.