यमाचा कंपाउंडर

आमच्या गल्लीत मेलेली माणसं औषधं पाठवत असत. ती घरपोच करण्याचं काम इरप्पा कंपाउंडरांकडे होतं.

हे वाचून तुम्ही हसाल. दिवेलागणीच्या वेळी आमच्या गल्लीत उभे असतात तर हसला नसतात. आधी लांबून फरफर ऐकू यायची. इरप्पांनी आपल्या चपलांचे पट्टे कापून टाकले होते, त्यामुळे ते पाय ओढत चालत. मग खुळखुळ ऐकू यायची. ती त्यांच्या काखेतल्या बिस्किटाच्या जुन्या डब्याची. मग काळा कोट, धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, असा एक उंच, वाळका माणूस कोपऱ्यावर दिसायचा आणि पोरं डाव अर्धा टाकून घरात पळायची. 'यमाचा कंपाउंडर' हे नाव पोरांनीच ठेवलेलं. मोठी माणसं त्याबद्दल पोरांना रागवायची आणि रागवता रागवता स्वतःही दार लोटून घ्यायची.

कुणाच्या घरी माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी इरप्पा हजर. सुतकाच्या घरात कुणी पाण्याचा घोट घेत नाही, पण इरप्पा लिंगायत. "आमच्यात सुतक न्हाई बघा," म्हणत ते ऐसपैस बसत, चहा मागून घेत, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलत, आणि कप खाली ठेवता ठेवता विचारत, "औषधं काय उरली हो?"

रडणारी माणसं रडायची थांबत. गेलेल्याचं औषध घरात ठेवायचं नाही, अंथरुणाबरोबर तेही बाहेर टाकायचं, अशी आपली रीत. त्यामुळे नाही कुणी म्हणत नसे. गोळ्या डब्यात पडत. इरप्पा तो डबा घेऊन आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जात. त्यांच्याच दवाखान्यात इरप्पांची सारी नोकरी झाली होती. डॉक्टर एकेक गोळी चष्मा वर करून बघत, शंका असेल ती गटारात टाकायला लावत, आणि बाकीची कुणाला चालेल ते सांगत. मग संध्याकाळी इरप्पा त्या घरी जाऊन उंबऱ्याबाहेरूनच म्हणत, "अमक्यानं पाठवलंय." घेणाऱ्यानं म्हणायचं, "पोचलं." तसं म्हटल्याशिवाय ते हलत नसत.

खरा प्रकार पुढेच होता. गल्लीच्या टोकाला जाऊन ते दक्षिणेकडे तोंड करत आणि मयत माणसाला नावानं हाक मारून ओरडत, "पोचलं हो!" एकदा ते असे ओरडले आणि त्याच क्षणाला गिरणीचा भोंगा झाला. त्या दिवशी गल्लीत बऱ्याच घरी रामरक्षा म्हटली गेली. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. इरप्पांमुळे दक्षिण दिशा शिकवायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

जिवंत माणसांशी ते बोलायला लागले की जास्त भीती वाटे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला त्यांनी एकदा सहज विचारलं, "रक्तदाबाची गोळी कुठली चालू हाय तुमाला?"

दुकानदार खवळला. "आमच्या घरी कुणी गेलेलं नाही!"

"इरली की," इरप्पा म्हणाले. 'असू द्या'ला ते कानडीतून 'इरली' म्हणत. "मला काय घाई न्हाई."

दुकानदारानं चार दिवस जेवण सोडलं होतं म्हणतात.

आमची गल्ली गिरणीवाल्यांची. कामावर असेपर्यंत गिरणीच्या दवाखान्यातून औषध मिळे. काम सुटलं की औषध सुटे, आणि दुखणी तर तेव्हाच सुरू होतात. बहात्तरचा दुष्काळ नुकता ओसरला होता, महागाई मात्र ओसरली नव्हती. म्हातारी माणसं डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत जात, भाव विचारत आणि चिठ्ठी घडी करून परत येत. आमच्या घरातही तेच चालू होतं.

मला माझ्या आत्यानं वाढवलं. गिरणीच्या रीलिंग खात्यात, सुताच्या लडी गुंडाळण्यात, तिचं आयुष्य गेलं. पुढे तिला दम लागायला लागला, पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी हृदयाची गोळी लिहून दिली, रोज एक, जन्मभर. माझा पगार नुकता सुरू झाला होता. मी गोळ्यांचं पाकीट आणून दिलं, तर ही दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ते परत करून आली आणि येताना उडदाची डाळ घेऊन आली. वर मला म्हणते, "तुझा पगार तुझ्या संसाराला. म्हातारीच्या छातीत वतायला न्हाई." माझा संसार तेव्हा कुठंच दिसत नव्हता, पण डाळ दिसत होती. आम्ही ती खाल्ली.

अशातच समोरच्या ताराबाई गेल्या. चौथ्या दिवशी दिवेलागणीला आमच्या दाराशी फरफर थांबली, खुळखुळ थांबली.

"आक्का," बाहेरून आवाज आला, "ताराबाईनं पाठवलंय."

मी त्यांना हाकलणारच होते. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली.

"जिती हुती तवा चिमूटभर साखर दिली न्हाई हिनं," ती म्हणाली. "मेल्यावर सुधारली म्हणायची." आणि तिनं हात पुढे केला. "पोचलं म्हणावं."

भाचीच्या पगाराची गोळी तिला चालत नव्हती, मेलेल्या शेजारणीची चालली. त्या रात्री मी आत्यावर फार चिडले. पण टाकून द्यायची वस्तू कामी आली, यात तिला कुणाचे उपकार वाटत नव्हते. गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचं असं होतं. इरप्पांना हे पक्कं ठाऊक होतं.

पुढे एक विचित्र गोष्ट सुरू झाली. म्हातारी माणसं त्या मेलेल्यांबद्दल घरच्यासारखी बोलायला लागली. "बाबूरावानं जरा कमीच धाडलं," असं एक आजोबा ओट्यावर म्हणत होते. बाबूराव जाऊन महिना झाला होता. आत्या गोळी घेण्याआधी समोरच्या बंद दाराकडे बघून, "घेते गं, घेते," म्हणायची. मी भूगोलाची शिक्षिका, पण त्या वेळी मीही त्या दाराकडे बघत नसे.

ताराबाईच्या संपल्यावर आणखी कुणाकुणाच्या गोळ्या येत होत्या, तरी आत्याची सूज उतरेना. उलट वाढली. उशांना टेकून बसल्याशिवाय तिला झोप लागेना. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "गोळी नेमानं घेते ना?" मी म्हटलं, हो. रोज माझ्यासमोर ती तोंडात टाकत होती.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले. घरात दिवा लावलेला नव्हता. चपला काढत होते तेवढ्यात खुळखुळ ऐकू आली. बाहेर गल्लीत कुणी नव्हतं. खुळखुळ आमच्या स्वयंपाकघरातून येत होती. एकदा झाली, थांबली, पुन्हा झाली. शेवटी मनाचा हिय्या करून आत गेले. अंधारात फळीजवळ आत्या उभी होती. हातात हिंगाची डबी होती आणि ती डबी कानाशी धरून ती हळूच हलवून बघत होती.

डबीत गोळ्या होत्या. सकाळी तोंडात टाकायच्या, मी पाठ फिरवली की काढून, पुसून डबीत ठेवायच्या, असा तिचा उद्योग चालला होता.

मी ओरडले, रडले. ती शांतपणे म्हणाली, "मी गेले म्हंजे हितनं काय तर निघाया नको व्हय? सगळ्यांनी धाडलं. मी रिकाम्या हातानं जाऊ?"

मी तशीच धावत जाऊन इरप्पांना घेऊन आले. पहिल्यांदाच ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले. डबी बघून ते मटकन खाली बसले. पार उतरून गेलं त्यांचं तोंड.

"आक्का," ते म्हणाले, "मेलेलं माणूस काय पाठवत न्हाई हो. मी मागून आणतो. ते पोचलं-बिचलं सगळा माझा खेळ हाय. तुमी लोक घेत न्हाई म्हणून केला. तुमी असं उपाशी ऱ्हाऊन ठेवाय लागला तर मी कुटं जाऊ?"

"मला ठाऊक न्हाई व्हय?" आत्या म्हणाली. "तारी काय धाडतीय! ती वरनं बी मागूनच नेईल."

"मग ह्या गोळ्या कुणासाठी?"

आत्या त्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, "चपलंचे पट्टे का कापले तुमी?"

इरप्पांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. पण मला दिसले होते. घोट्यापासून फुगलेले, चकचकीत पाय. सगळी गल्ली ज्या फरफरीला भीत होती ती या पायांची होती. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचं एक खूळ.

"ही सूज मी वळखते," आत्या म्हणाली. "तुमाला बी हीच गोळी लागती. घेता व्हय?"

इरप्पांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या नावानं मागता येतं, आक्का. स्वतःच्या नावानं मागाय तोंड उघडंना. आन् माझ्या घरात आता पाठवणारं बी कोण न्हाई, घेणारं बी न्हाई."

"म्हणून तर साठवल्या," आत्या म्हणाली. "मी मेल्यावर तुमी येणार, चा पिणार, औषधं काय उरली इचारणार. तवा ही पोरगी डबी देईल, आन् म्हणंल, आक्कानं पाठवलंय. इरप्पालाच पाठवलंय. मग कसं न्हाई म्हणता बघू."

माझी आत्या स्वतःचा श्वास दुसऱ्या माणसासाठी हिंगाच्या डबीत साठवत होती, याचा मला भयंकर राग आला होता आणि तिला मिठी मारावीशीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दोघांना डॉक्टरांपुढे उभं केलं. दोघांनीही भरपूर बोलणी खाल्ली. त्यानंतर रोज सकाळी इरप्पा आमच्याकडे येत. दोघं समोरासमोर पाटावर बसत, एकमेकांकडे संशयानं बघत, आणि एकाच वेळी गोळी तोंडात टाकत. मग आत्या म्हणे, "आ करा." इरप्पा आ करत. मग इरप्पा म्हणत, "आता तुमी." ही दोन म्हातारी माणसं तोंडं वासून एकमेकांची जीभ तपासत असताना एकदा किराणा दुकानदार उधारी मागायला आला आणि न मागताच परत गेला.

गोळ्या आता दुप्पट लागत. ज्या घरी माणूस गेलं असेल तिथं मी आधीच जाऊन, माझ्या पगारातून आणलेलं, पण वापरातलं वाटावं म्हणून दोन-तीन गोळ्या काढून टाकलेलं पाकीट देऊन येत असे. इरप्पा आले की हे द्या, म्हणून सांगत असे. इरप्पा ते पाकीट उलटसुलट करत, माझ्याकडे तिरकं बघत आणि म्हणत, "अलीकडं लोक लई पाठवाय लागलेत, बाई." मी म्हणे, "इरली की, काका."

आत्या त्यानंतर पुष्कळ दिवस सुखानं श्वास घेत जगली. एका चैत्रात, दुपारी फरशीवर आडवी झाली ती उठली नाही. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. समोरच्या दाराकडे तोंड होतं.

तिसऱ्या दिवशी मी चहाचं आधण ठेवून इरप्पांची वाट बघत बसले. गल्लीतल्या बायकाही कान देऊन बसल्या होत्या. फरफर आली नाही. खुळखुळ आली नाही. आयुष्यभर ज्या आवाजाला गल्ली भ्याली, तो न आल्यानं त्या दिवशी सगळ्यांना जास्त भीती वाटली. दिवे लागले तरी कुणी येईना, तेव्हा मी आत्याच्या उरलेल्या गोळ्या हिंगाच्या डबीत घालून निघाले.

दवाखान्यामागच्या आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर इरप्पा बसले होते. बिस्किटाचा डबा मांडीवर घट्ट धरून.

"बाई," ते मान वर न करता म्हणाले, "आज माझ्याच्यानं मागवंना."

मी डबी त्यांच्यापुढे धरली. मी म्हटलं, "आत्यानं पाठवलंय."

त्यांनी झाकण उघडलं. हिंगाचा वास आला. एक गोळी त्यांनी पाण्याशिवायच गिळली, आणि सवयीनं माझ्यासमोर तोंड उघडून दाखवलं. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले आणि दक्षिणेकडे वळले. ओठ हलले. सबंध गल्लीला ऐकू जाणारा तो आवाज काही केल्या फुटेना.

मग मीच त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि दक्षिणेकडे तोंड करून मोठ्यानं ओरडले, "आत्या, पोचलं हो!"

आसपासची दारं भराभर लागली. इरप्पांच्या हातातली डबी बराच वेळ खुळखुळत होती.